जास्त भाजलेले पेशंट आता वाचतात ते कशामुळे, आणि वाचल्यावर पुढे काय

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की मावशी १९८६ साली स्टोव्हच्या भडक्यात ५० टक्के भाजल्या आणि आठवड्याभरात गेल्या, आणि आता भाचा कारखान्यात ५५ टक्के भाजूनही अडीच महिन्यांनी घरी आला, मग मधल्या काळात असं कुठलं औषध निघालं? आणि दुसरं म्हणजे त्याचे चट्टे जाड व्हायला लागलेत, मान खाली ओढली जातेय, तर प्लास्टिक सर्जरी आत्ताच करून टाकावी का. मी प्लास्टिक सर्जन आहे, उमेदीची बरीचशी वर्षं बर्न्स वॉर्डातच गेलीत, त्यामुळे उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

औषध तसं कुठलंच निघालं नाही. मलमं आली आणि गेली. बदलली ती मुख्यतः वाट बघायची सवय.

आधी ते टक्के काय असतात ते सांगते कारण नातेवाईक, पोलीस, पत्रकार सगळे पहिलं तेच विचारतात. मोठ्या माणसात डोकं-मान मिळून ९, एकेक हात ९, एकेक पाय १८, धड पुढून १८ मागून १८, आणि उरलेला १ जांघेतला. ही नऊच्या पाढ्याची पद्धत वॉलेस नावाच्या एडिनबराच्या सर्जनने १९५१ साली रूढ केली. लहान मुलांचं डोकं शरीराच्या मानाने मोठं असतं म्हणून त्यांचा तक्ता वेगळा. किरकोळ भाग मोजायचा तर पेशंटचा स्वतःचा तळहात बोटांसकट म्हणजे १ टक्का. ब्रिटनमध्ये १९४० च्या दशकात आणि १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला जो हिशेब झाला त्यात तरुण माणूस साधारण ४५-५० टक्के भाजला की जगण्यामरण्याची शक्यता निम्मी-निम्मी होती, आणि पासष्टीपुढच्या माणसाला तर १० टक्केच पुरेसे व्हायचे. आज अमेरिकेतल्या चांगल्या सेंटरमध्ये तरुणांचा तोच आकडा ७० टक्क्यांच्या घरात गेलाय, लहान मुलं तर ९० टक्के भाजूनही वाचलेली आहेत. आपल्याकडे सगळीकडे तसं नाही, ते का ते पुढे येईल.

पहिला मोठा फरक पडला तो पाण्याने, म्हणजे सलाईनने. भाजल्यावर पहिल्या दिवसात माणूस जातो तो जखमेमुळे नाही, तर रक्तवाहिन्या गळायला लागतात आणि रक्तातलं पाणी, मीठ, प्रोटीन सगळं बाहेर पाझरतं, अंग सुजतं आणि आत रक्त कमी पडतं, किडनी बंद पडते. १९२१ साली अमेरिकेत न्यू हेवनला एका थिएटरला आग लागली, तिथल्या पेशंटच्या फोडातलं पाणी अंडरहिल नावाच्या माणसाने तपासलं आणि ते जवळपास रक्तातल्या प्लाझ्मासारखंच आहे हे दाखवलं. तोवर समज असा होता की जळालेल्या कातडीतून काहीतरी विष अंगात भिनतं. मग २८ नोव्हेंबर १९४२ ला बॉस्टनच्या कोकोनट ग्रोव्ह नाइट क्लबला आग लागली, ४९२ माणसं गेली, आणि त्या एका रात्रीने बर्न्सचं शास्त्र बरंच पुढे ढकललं. किती पाणी द्यायचं याचे हिशेब, धुराने फुप्फुसं कशी जातात, जखमेला साधं व्हॅसलीनचं गॉझ लावलं तरी पुरतं, हे सगळं तिथल्या पेशंटवरून नीट लिहिलं गेलं. आज आम्ही जो फॉर्म्युला वापरतो तो डॅलसच्या पार्कलँड हॉस्पिटलचा, १९६८ चा: ४ मिली गुणिले वजन गुणिले टक्के. म्हणजे ६० किलोचा माणूस ४० टक्के भाजला तर २४ तासांत ९६०० मिली रिंगर लॅक्टेट (सलाईनचाच एक प्रकार), त्यातलं निम्मं पहिल्या ८ तासांत. आणि हे ८ तास भाजल्यापासून मोजायचे, हॉस्पिटलात पोचल्यापासून नाही! तालुक्याच्या गावाहून पेशंट जिल्ह्याला, जिल्ह्याहून मुंबई-पुण्याला, असं करत पाच तासांनी येतो, हाताला साधी सुई नाही, वर कोणीतरी सांगितलेलं असतं की भाजलेल्याला पाणी देऊ नका. असा पेशंट ३० टक्क्यांचा असला तरी ६० टक्क्यांसारखा वागतो. अलीकडे उलटी तक्रार पण आहे, की सलाईन जास्त जातं आणि मग पोट फुगतं, फुप्फुसात पाणी भरतं, म्हणून आता बरेच जण २ मिलीपासून सुरू करतात आणि लघवी बघत बघत वाढवतात. तासाला वजनाच्या निम्मे मिली लघवी, ६० किलोला ३० मिली, एवढं लक्षात ठेवलं तरी वॉर्डातला नवीन डॉक्टर रात्र निभावून नेतो.

मावशींना नेमकं काय झालं ते केसपेपर बघितल्याशिवाय सांगता येणार नाही, पण ८६ साली सलाईनचं हे गणित आपल्या मोठ्या हॉस्पिटलांत माहीत होतं. आठवड्याच्या आसपास जे पेशंट जायचे ते बहुतेक इन्फेक्शनने, नाहीतर धुराने खराब झालेल्या फुप्फुसांमुळे. आणि इथेच तो वाट बघायचा मुद्दा येतो.

खोल भाजलं की कातडी मरते, चामड्यासारखी कडक होते. पूर्वी सगळ्या जगात पद्धत अशी होती की मलम लावायचं, ड्रेसिंग करायचं आणि ती मेलेली कातडी आपोआप सुटायची वाट बघायची, तीन-तीन आठवडे, कधी जास्त, मग खाली लालभडक मांस तयार झालं की त्यावर ग्राफ्ट, म्हणजे पेशंटच्याच अंगावर दुसरीकडून काढलेली कातडी. १९२५ च्या सुमाराला टॅनिक ॲसिडची लाट आली होती, चहात जे टॅनिन असतं तेच, त्याने जखमेवर कडक कवच तयार व्हायचं, दिसायला स्वच्छ, पण बोटांभोवती ते आवळलं की बोटंच जायची, शिवाय लिव्हरवर परिणाम. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडात ईस्ट ग्रिन्स्टेडला मॅकिंडो नावाचे सर्जन जळालेल्या वैमानिकांवर उपचार करत, त्यांच्या लक्षात आलं की विमानातून समुद्रात पडलेल्यांच्या जखमा बऱ्या दिसतात, म्हणून त्यांनी टॅनिक ॲसिड टाकून मिठाच्या पाण्याचे टब सुरू केले. नंतर १९६० च्या दशकात चांदीची औषधं आली, सिल्व्हर नायट्रेट, मग १९६८ ला सिल्व्हर सल्फाडायझिन, ते पांढरं मलम जे आजही प्रत्येक मेडिकलात मिळतं. इन्फेक्शन बरंच कमी झालं हे खरं, पण मेलेली कातडी अंगावर तशीच असायची. जंतूंना खायला घालून वर मलम लावण्यातला प्रकार! स्यूडोमोनास नावाचा एक जंतू असतो, त्याने ड्रेसिंग हिरवट होतं आणि वॉर्डाच्या दारातूनच वास येतो, जुन्या सिस्टर वासावरून सांगायच्या कुठल्या कॉटवर आहे.

हे बदललं ते मोठ्या नावाच्या हॉस्पिटलातून नाही. तेव्हाच्या युगोस्लाव्हियात, आता स्लोव्हेनियात, मारिबोर नावाचं गाव आहे, तिथे झोरा यान्झेकोविच नावाच्या बाई सर्जन होत्या. त्यांनी वाट बघणं सोडलं. तिसऱ्या ते पाचव्या दिवसातच पेशंट ऑपरेशनला घ्यायचा, मेलेली कातडी पातळ पातळ थरांनी तासत जायची, खाली बारीक टिपक्या टिपक्यांनी रक्त दिसायला लागलं की थांबायचं, कारण ती जिवंत पातळी, आणि त्याच वेळी वर ग्राफ्ट लावून टाकायचा. १९७० साली त्यांचा लेख आला आणि जगभरचे सर्जन मारिबोरला बघायला जाऊ लागले. माझ्या मते गेल्या शंभर वर्षांतली या विषयातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच, आणि ती एका बाईने साध्या चाकूने केली. बाकीचं सगळं, म्हणजे लेझर, स्टेम सेल, स्प्रे वगैरे ज्याच्या बातम्या येतात, ते याच्या नंतर.

मग आपल्याकडे हे उशिरा का रुजलं? कारण लवकर कातडी काढायची तर रक्त लागतं, भरपूर लागतं, भूल देणारा अनुभवी माणूस लागतो, रोज रिकामं ऑपरेशन थिएटर लागतं, आणि बर्न्सचा पेशंट थिएटरच्या यादीत कायम शेवटचा, ते थिएटर खराब करतो म्हणून. त्यामुळे आपल्याकडच्या लोकांनी स्वस्तातल्या ड्रेसिंगवर डोकं चालवलं आणि ते काम अजिबात कमी लेखायचं नाही. मुंबईच्या वाडिया हॉस्पिटलमधून डॉ. केसवानी यांनी १९८५ ला उकडलेल्या बटाट्याच्या सालींचं ड्रेसिंग छापलं. सायन हॉस्पिटलच्या डॉ. माधुरी गोरे यांनी केळीच्या पानाचं ड्रेसिंग करून दाखवलं, जखमेला चिकटत नाही, काढताना पेशंट ओरडत नाही. सोलापूरच्या मेडिकल कॉलेजातून डॉ. सुब्रह्मण्यम यांनी १९९१ ला मधाचा सिल्व्हर सल्फाडायझिनशी मुकाबला लावला आणि मध सरस ठरला, त्याचं सगळीकडे कौतुक झालं, अजून होतं. पण त्याच डॉक्टरांनी १९९९ ला मध विरुद्ध लवकर कातडी काढून ग्राफ्ट अशीही तुलना केली आणि ग्राफ्ट बरा असं स्वतःच लिहिलं. ते मात्र मधवाले कोणी सांगत नाहीत :) वरवरच्या, स्वतःहून भरणाऱ्या जखमेला यातलं काहीही चालेल, पांढऱ्या मलमाने तर त्या जरा उशिराच भरतात असं आता दिसतंय. खोल जखमेला मलमाने कातडी येत नसते.

आता काढलेल्या जागी लावायचं काय? ५५ टक्के भाजलेल्याची ४५ टक्केच कातडी शिल्लक, त्यातली चेहरा, हात, पाऊल सोडून द्या. मांडीवरून पातळ थर काढायचा, मशिनमधून फिरवून त्याची जाळी करायची (ही युक्ती १९६४ ची) म्हणजे तो दीडपट-तिप्पट ताणता येतो, दहा-चौदा दिवसांत मांडी भरली की तिथूनच परत काढायचा. आणि मधल्या काळात उघडी जखम झाकायला दुसऱ्या माणसाची कातडी. हो, मृत व्यक्तीची. त्यासाठी त्वचा बँक असते. सायन हॉस्पिटलात ती २००० साली सुरू झाली, आता ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरला आहे, पुण्यात आहे, नागपूरला आहे. मृत्यूनंतर सहा तासांत मांडी, पाय, पाठ इथून कागदासारखा पातळ थर घेतात, टीम घरी येते, पाऊण-एक तासाचं काम, रक्त येत नाही, वर पट्ट्या बांधून देतात, चेहऱ्याला हात लावत नाहीत. रक्तगट जुळावा लागत नाही. ग्लिसरॉलमध्ये थंड ठेवली की ती काही वर्षं टिकते. ती कायमची धरत नाही, दोन-चार आठवड्यांत शरीर तिला नाकारतं, पण तेवढे आठवडे पेशंटचं पाणी, प्रोटीन वाचतं, दुखणं कमी होतं आणि त्याची स्वतःची मांडी परत काढण्यालायक होते. मोठ्या बर्नमध्ये ह्या दोन-चार आठवड्यांवरच सगळं असतं. नेत्रदान लोकांना माहीत आहे, तसंच त्वचादानही करता येतं हे अजून घरोघरी पोचलेलं नाही.

पेशंटच्याच पेशी वाढवून कातडी तयार करायचं तंत्र १९७५ चं. १९८३ ला अमेरिकेत ९५ टक्क्यांहून जास्त भाजलेले दोन लहान भाऊ त्याने वाचले. पण तयार व्हायला तीन आठवडे, नाजूक, महाग. जनावरांच्या कोलॅजनपासून केलेली कृत्रिम त्वचा १९९६ पासून आहे, अननसातल्या एन्झाइमने मेलेली कातडी विरघळवणारं औषध युरोपात २०१२ ला आलं, अमेरिकेत २०२२ ला. चांगली साधनं आहेत, ज्याला परवडतात त्याला.

खाण्याबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाणार नाही. मोठ्या बर्नमध्ये शरीर दुप्पट वेगाने ऊर्जा जाळत असतं, स्नायू अक्षरशः वितळतात, आणि हे जखमा भरल्यावरही वर्षभर, कधी दोन वर्षं चालू राहतं. पूर्वी तोंडाने काही द्यायचं नाही म्हणून उपाशी ठेवायचे, पोटात अल्सर होऊन रक्त यायचं. आता पहिल्याच दिवशी नाकातून नळी टाकून फीड सुरू. इकडे आम्ही रोजची दीडशे ग्रॅम प्रोटीन कशी जातील बघतोय आणि तिकडे आजी म्हणतात आंबट नको पू होईल, अंडं नको उष्ण पडेल, भात नको. अंडी द्या! सहा द्या, आठ द्या, खात नसेल तर पनीर, दूध, डाळ, शेंगदाण्याचे लाडू, जे जाईल ते. हृदय शांत ठेवायला प्रोप्रॅनोलॉल म्हणून रक्तदाबाची जुनी स्वस्त गोळी आहे, मुलांमध्ये ती दिली तर स्नायू कमी झिजतात हे २००१ ला दाखवलं गेलं, तीही आता बऱ्याच ठिकाणी देतात.

टक्क्यांवर परत येते, कारण तुमची तुलना त्यावरच उभी आहे. मावशी ५० आणि भाचा ५५, पण दोन्ही आकडे एकसारखे नाहीत. वय मिळवावं लागतं, वय अधिक टक्के असा एक जुना ठोकताळा आहे आणि धूर आत गेला असेल तर त्यात आणखी १७ मिळवायचे असा नवा, बेरीज जितकी मोठी तितका धोका जास्त. बंद खोलीत भाजलं का, नाकातले केस जळलेत का, आवाज घोगरा झालाय का, थुंकीत काजळी येते का, हे पहिल्या तासात बघून वेळेत श्वासाची नळी टाकली तर ठीक, नाहीतर सूज चढल्यावर नळी जात नाही. किती खोल भाजलंय तेही हवं, कारण उकळत्या वरणाचे ५५ आणि पेटलेल्या नायलॉन साडीचे ५५ यात जमीन-अस्मानाचा फरक. आणि हाय टेन्शन वायरचा शॉक असेल तर टक्के विसरूनच जा. हातावर रुपयाएवढी जखम दिसते, आतले स्नायू कोपरापर्यंत मेलेले असतात, लघवी चहाच्या रंगाची येते. गच्चीवर लोखंडी सळई घेऊन फिरणारी, पतंग काढायला जाणारी पोरं, यांचे हात जातात, ५ टक्के लिहिलेलं असतं केसपेपरवर.

आणि १९८६ च्या स्टोव्हच्या भडक्याबद्दल. तुमच्या घरचं मला माहीत नाही, त्याबद्दल काही म्हणत नाही. पण त्या काळात वॉर्डातल्या बायकांच्या कॉटमागून कॉटवर एकच कारण लिहिलेलं असायचं, आणि मृत्यूपूर्व जबाब घ्यायला मॅजिस्ट्रेट आले की सासू उशाशी उभी. रॉकेलने भाजलेली पंचविशीतली बाई खोलवर भाजलेली असायची, रक्ताने फिकट, उशिरा आणलेली, आणि तिच्यासाठी रक्ताच्या बाटल्या आणायला बऱ्याचदा कोणी धावत नव्हतं. स्टोव्ह गेले, गॅस आला, तशा त्या केस कमी झाल्या, संपल्या नाहीत. मृत्यूचं प्रमाण उतरलं त्याचं सगळं श्रेय आम्हा सर्जन लोकांनी घ्यायला नको, थोडं गॅसच्या शेगडीलाही द्या.

आता भाच्याचं. वाचला म्हणजे अर्धं काम झालं, आणि घरी गेल्यावर लोक नेमकं उरलेलं अर्धं सोडतात. ग्राफ्ट धरल्यावर दोन-तीन महिन्यांनी चट्टे लाल, जाड, खाजरे होणं हे अपेक्षित आहे, कोणी चुकलेलं नाही. सहा महिन्यांपर्यंत वाढतात, मग दीड-दोन वर्षांत हळूहळू मऊ होतात. या काळात चट्टा आकसत असतो आणि माणूस ज्या पोझिशनला बरं वाटतं तसाच पडून राहतो, मान खाली, कोपर वाकलेलं, हात अंगाशी, आणि तशीच जागा धरते. म्हणून मानेखालची उशी आज काढा. खांद्याखाली घडी घालून चादर, मान मागे, झोपताना कॉलर स्प्लिंट (मान ताठ धरणारा पट्टा). काखेत भाजलं असेल तर हात अंगापासून लांब. फिजिओ दिवसातून एकदा हॉस्पिटलात करून भागत नाही, दर दोन तासांनी घरी, दुखेल, आधी गोळी देऊन करा. प्रेशर गारमेंट, म्हणजे चट्टे दाबून धरणारे घट्ट कपडे, मापाने शिवून घ्या, २३ तास, फक्त आंघोळ आणि मालिशपुरतं काढायचं, वर्षभर तरी, दोन जोड लागतात आणि दर काही महिन्यांनी ते सैल पडतात. मे महिन्यात ते घालणं म्हणजे शिक्षा आहे हे मान्य, त्यात ग्राफ्टच्या कातडीला घाम येत नाही त्यामुळे उष्णता बाहेर पडत नाही, म्हणून पंखा, कूलर, ओला पंचा, दुपारी बाहेर नाही. खोबरेल तेलाने दाबून मालिश, सिलिकॉन शीट परवडली तर चांगलीच. खाजेने रात्र जाते, तिची गोळी मागून घ्या, सहन करत बसू नका.

गप्प राहतो, आरसा टाळतो असं तुम्ही लिहिलंय. हे बहुतेकांना होतं. मॅकिंडोंनी ऐंशी वर्षांपूर्वी आपल्या वैमानिकांना हॉस्पिटलचे निळे कपडे न देता युनिफॉर्म घालू दिला, बँडेजसकट गावात पाठवलं, आणि गावकऱ्यांना आधीच सांगून ठेवलं की टक लावून बघू नका. त्या पेशंटनी १९४१ ला स्वतःचा क्लब काढला, गिनी पिग क्लब, प्रयोगाचे प्राणी म्हणून! भाच्याला घरात लपवू नका, पाहुणे आले की आत पाठवू नका, दुकानात दूध आणायला पाठवा. झोप उडाली असेल, आग परत परत दिसत असेल तर मानसोपचारतज्ज्ञ, त्यात संकोच नको.

प्लास्टिक सर्जरी बहुतेक चट्ट्यांवर आत्ता नाही. लाल, तापलेल्या चट्ट्यावर ऑपरेशन केलं की तो परत तसाच वाढतो, वर्ष-दीड वर्ष थांबलं की निम्म्या गोष्टींना ऑपरेशन लागतच नाही. लेझरने जाडी आणि खाज कमी होते, ते आधी सुरू करता येतं. मान मात्र बघावी लागेल. हनुवटी वर उचलून छत दिसत असेल तर स्प्लिंट आणि व्यायामावर राहा, महिन्यातून एकदा दाखवा. खालचा ओठ खाली ओढला जाऊन लाळ गळत असेल, किंवा मान इतकी आखडली की उद्या भूल देताना नळी टाकणं अवघड होईल, तर आखडलेला चट्टा लवकर सोडवून ग्राफ्ट करावा लागतो. आणि झोपेत त्याच्या डोळ्याची पापणी पूर्ण मिटते का ते आज रात्री टॉर्च बाजूला धरून बघा. फट राहत असेल तर बुबुळ कोरडं पडून जखम होते, डोळ्यात रात्री मलम घाला आणि याच आठवड्यात त्याच्या सर्जनला दाखवा, चट्टा मऊ व्हायची वाट बघू नका.